नव्वद सेकंदांचं संगीत

पिंपळगाव बसवंतच्या एखाद्या मुलीनं जिम्नॅस्टिक्समध्ये फ्लोअर एक्सरसाइजची तयारी सुरू केली, की घरच्यांना संगीत शोधावं लागतं. मुलांचा फ्लोअरचा संच संगीताविना होतो. मुलींना ते लागतंच. मर्यादा नव्वद सेकंदांची. गुणगुण, आलाप चालतो. पण शब्द आले की पूर्ण एक गुण जातो. म्हणून आवडतं सिनेगीत जसंच्या तसं घेऊ नका. रिदमिक जिम्नॅस्टिक्समध्ये मात्र 2013 पासून शब्दांना मुभा आहे. ठाण्याची जिम्नॅस्ट संयुक्ता काळे याच प्रकारातली.

इंटरनेटवर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याचं वाद्यसंगीत उतरवून घेता येतं. अटी मात्र वाचा, कारण काही परवाने बदलाला मनाई करतात आणि आपल्याला तर कापायचंच असतं. माझं मत विचाराल, तर गावातल्या संबळ-ढोलकीवाल्यांकडून वाजवून घ्या. त्या ठेक्यावर आपली मुलगी जीव ओतून नाचेल! मग ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये नेमकं बसवा: धाव सुरू होते तिथे लय चढती, तोल सांभाळायचा तिथे संथ. शेवट मध्येच तोडू नका. फाइल पेनड्राइव्हवर आणि मोबाइलमध्येही ठेवा, नाव खेळाडूचंच द्या.