डमडमच्या प्रयोगशाळेतून
(हीरक महोत्सवी माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



याच सभागृहात वक्तृत्व स्पर्धेच्या वेळी मी दोनदा पाठ केलेले भाषण विसरून खाली बसलो होतो. तरीही आज मला बोलण्यास उभे केलेत, याबद्दल शाळेचा ऋणी आहे.

मी गेली अनेक वर्षे कोलकात्याच्या उत्तरेस डमडम येथे राहतो आणि पदविकेच्या मुलांना संगणकजाळे व सर्व्हर हा विषय शिकवतो. हीरक महोत्सवी निधीतून शाळेत संगणक कक्ष उभारण्याचा समितीचा मानस आहे. त्या कक्षात काय असावे, याविषयी माझ्या प्रयोगशाळेतील अनुभवावरून काही सांगावे, एवढाच आजच्या बोलण्याचा हेतू.

डमडम म्हटले की कोणाला विमानतळ आठवतो, कोणाला तेथील तबकड्यांचा कारखाना. आपल्या आजोबांनी ऐकलेल्या नाट्यगीतांच्या कितीतरी तबकड्या तेथेच तयार झाल्या. परंतु माझ्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ठिकाण शेजारीच आहे, ते म्हणजे बारानगर येथील भारतीय सांख्यिकी संस्था. तेथे १९५३ साली समरेंद्रकुमार मित्र यांनी समीकरणे सोडवणारा ॲनालॉग संगणक बनवला. १९५६ पासून इंग्लंडहून आणलेला अंकीय संगणक तेथे काम करू लागला. पुढे १९६६ मध्ये याच संस्थेने जादवपूर विद्यापीठाच्या साहाय्याने स्वतःचा ट्रान्झिस्टरवर चालणारा संगणक सिद्ध केला. या क्रमाकडे लक्ष द्यावे. त्या लोकांनी यंत्र केवळ वापरले नाही. ते जोडले, दुरुस्त केले आणि अखेर स्वतः घडवले.

आमच्या प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी मुलांना संगणक सुरूच करू देत नाही. हाती केबलचा तुकडा, कनेक्टर आणि क्रिम्पिंगची पक्कड देतो. केबलच्या आत आठ तारा, दोन दोन पिळलेल्या, अशा चार जोड्या असतात. पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी या क्रमाने त्या लावायच्या. पहिल्या प्रयत्नात निम्म्याहून अधिक मुलांच्या केबली चालत नाहीत. हिरव्या जोडीच्या दोन तारा शेजारी का नाहीत, मध्ये निळी जोडी का येते, हा प्रश्न तेव्हाच पडतो. पुस्तकातील चित्र पाहून तो कोणालाही पडलेला मला आठवत नाही.

पुढे जुने संगणक जोडून मुले जाळे उभारतात. प्रत्येक संगणकाला पत्ता देणारा सर्व्हर, नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर, पाने दाखवणारा सर्व्हर, हे सारे लिनक्सवर ती स्वतः बसवतात. एकदा दोन गटांनी, एकमेकांना न सांगता, एकाच जाळ्यावर पत्ते वाटणारे दोन सर्व्हर चालू केले. काही संगणकांना एकाकडून पत्ते मिळाले, काहींना दुसऱ्याकडून, आणि समोरासमोर बसलेल्या मुलांचे संगणक एकमेकांना ओळखेनात. उत्तर मला दहा मिनिटांत कळले होते. मी गप्प राहिलो. मुलांनी खालून वर शोध घेतला. तार लागली आहे का, दिवा पेटला आहे का, पत्ता मिळाला आहे का, मिळाला तर कोणी दिला? साडेतीन तासांनी दोषी सर्व्हर सापडला. त्या तुकडीतील कोणीही तो धडा विसरले असेल, असे मला वाटत नाही.

सर्वांत महागडा धडा मात्र मला स्वतःला मिळाला. डमडमला पावसाळ्यात पाणी तुंबते. एका वर्षी रात्रभर पाऊस झाला आणि तळमजल्यावर जमिनीवर ठेवलेला आमचा सर्व्हर बुडाला. मुलांचे वर्षभराचे प्रकल्प त्यात होते. रोज रात्री प्रत काढण्याची व्यवस्था मी केली होती, परंतु ती प्रत त्याच यंत्रातील दुसऱ्या डिस्कवर जात असे. दोन्ही गेल्या. चूक सर्वस्वी माझी होती, आणि तसे मी मुलांसमोर सांगितले. पुढच्या तुकडीने पहिला प्रकल्प घेतला तो हाच: प्रत दुसऱ्या इमारतीत, वरच्या मजल्यावर न्यायची आणि महिन्यातून एकदा त्या प्रतीवरून सारे परत उभे करून पाहायचे. परत उभी करून न पाहिलेली प्रत ही प्रत नव्हे, हे वाक्य तेव्हापासून आमच्या भिंतीवर आहे.

आता पालकांच्या मनातील प्रश्नाकडे येतो. मराठी माध्यमात शिकलेले मूल या क्षेत्रात मागे पडेल का? माझ्या वर्गात बंगाली माध्यमातून आलेली मुलेही असतात. इंग्रजी पुस्तक उघडले की ती मागच्या बाकावर जातात. एकदा अशाच एका मुलीने मैत्रिणीला समजावताना मी ऐकले. बंगालीत वस्तीला ‘पाडा’ म्हणतात. ती सांगत होती की, पाड्यातली चिठ्ठी आपण हातोहात देतो, पाड्याबाहेरची टपाल कचेरीत टाकतो; संगणकही पत्ता पाहून एवढेच ठरवतो. सबनेट आणि गेटवे या संकल्पना इतक्या सोप्या करून मी कधी सांगितल्या नव्हत्या. इंग्रजी शब्द तिने आठवड्याभरात आत्मसात केले, कारण त्यांमागचा अर्थ तिच्याजवळ आधीच होता. इंग्रजी संज्ञा शिकाव्याच लागतील, त्यास पर्याय नाही. पण समज आपल्या भाषेत आली की संज्ञा मागून येतात.

म्हणून समितीस नम्र सूचना. निधी सगळाच नव्या, कुलूपबंद यंत्रांवर खर्च करू नये. त्यातील काही भाग मुलांनी निःशंकपणे उघडावेत अशा वापरलेल्या संगणकांसाठी ठेवावा. विजेचे जोडकाम आणि पॉवर सप्लायची पेटी जाणत्या माणसानेच हाताळावी. बाकी सारे मुलांच्या हाती द्यावे. हे जाळे कार्यालयाच्या जाळ्यापासून पूर्ण वेगळे असावे, म्हणजे गुणपत्रके सुरक्षित राहतील. आठवी-नववीच्या मुलांनी शाळेचा छोटा सर्व्हर उभारावा आणि त्यावर इंटरनेटविना वाचता येईल असा मराठी विकिपीडिया व शाळेचे साठ वर्षांचे वार्षिक अंक ठेवावेत. प्रत्येक बिघाड आणि त्याचा शोध मराठीत एका वहीत नोंदवावा. ती वहीच पुढच्या तुकडीचे पाठ्यपुस्तक होईल.

माजी विद्यार्थ्यांकडे माझे मागणे पैशाचे नाही. या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी वर्षातील दोन शनिवार द्यावेत, मुलांजवळ बसावे आणि उत्तर ठाऊक असूनही थोडा वेळ गप्प राहावे. माझे दोन शनिवार मी आजच नोंदवतो. कोलकात्याहून यायला गाडीला दीड दिवस लागला तरी.

पाठांतर विसरून खाली बसलेल्या मुलाला आमच्या बाई रागावल्या नव्हत्या. “पुढच्या वेळी पुन्हा उभा राहा,” एवढेच म्हणाल्या होत्या. प्रयोगशाळेत मी आजही मुलांना तेच सांगतो.