जेट स्की भाड्याने घेताना

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या व्याख्यानमालेत केलेले भाषण)



रौप्यमहोत्सवाची सहल मालवण-तारकर्लीला न्यायची ठरली आणि पहिल्याच बैठकीत दोन तट पडले. तरुण मंडळींनी सांगितलं, समुद्रावर जाऊन जेट स्की नाही केली तर गेलो कशाला? आणि आमच्या कट्ट्यावरच्या ज्येष्ठांनी ठराव मांडला की, सहलीत पाण्यातले खेळ सरसकट बंद ठेवा. मला कमिटीने बोलायला उभं केलं ते बहुधा दोन्ही बाजू माझ्यावर सारख्याच नाराज असतात म्हणून.

माझं मत आधीच सांगतो. बंदी नको. बंदी घातली की पोरं आपली नजर चुकवून जातात, आणि कोण गेलंय हेही मग आपल्याला कळत नाही. पण बँकेत कर्ज देताना आम्ही जशी चौकशी करायचो, तशी चौकशी केल्याशिवाय पैसेही देऊ नका.

आपण वरवंडकर पाण्याला घाबरणारे नाही. कुणी विहिरीत पाठीला पांगाऱ्याचा बिंडा नाहीतर पत्र्याचा डबा बांधून शिकलं, कुणी कॅनॉलला, कुणी व्हिक्टोरिया तलावावर. म्हणूनच मला आपली भीती वाटते. ज्याला पोहता येत नाही तो मुकाट्याने लाईफ जॅकेट घालतो. ज्याला येतं तो म्हणतो, "आपल्याला काय गरज?" अहो, विहिरीचं पाणी जागेवर असतं. समुद्राला भरती-ओहोटी असते. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला गेलेले १४ विद्यार्थी बुडाले. तिथे जेट स्की नव्हती, पोरं नुसती पाण्यात उतरली होती. २४ मे २०२२ ला तारकर्लीत स्कूबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटली, दोघे गेले. आपण जाणार आहोत त्याच किनाऱ्यावर. घाबरवायला सांगत नाही, पण हे माहीत असलेलं बरं.

आता यंत्राकडे येऊ. 'जेट स्की' हे मुळात कावासाकी कंपनीचं नाव, १९७०च्या दशकातलं. आपण कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणायचो, तसं आता कुठल्याही कंपनीच्या गाडीला जेट स्कीच म्हणतात. तिला बाहेर पंखा नसतो. शेतकऱ्यांना पटकन कळेल, विहिरीवरची मोटर जशी पाणी ओढते आणि पाईपातून फेकते, तसंच हे. खालून पाणी ओढलं जातं, मागच्या नळीतून जोरात फेकलं जातं, त्या धक्क्याने गाडी पुढे जाते. हँडल वळवलं की मागची ती नळी डावी-उजवी वळते आणि गाडी वळते.

इथेच सगळी मेख आहे. मोटरसायकलवाल्यांनी नीट ऐका. रस्त्यावर समोर काही आलं तर आपण ॲक्सिलरेटर सोडतो आणि हँडल मारतो. हात आपोआप तेच करतात. जेट स्कीवर ॲक्सिलरेटर सोडला की मागचं पाणी थांबतं, आणि पाणी थांबलं की हँडल नुसतं फिरतं, गाडी वळत नाही! ती आपल्या वेगात सरळ जात राहते. समोर बोट असो, नाहीतर पोहणारं माणूस असो. काही नव्या मॉडेलना ब्रेकसारखी सोय आलीय, पण किनाऱ्यावर भाड्याने मिळणारी गाडी नवी असेलच असं धरून चालू नका. म्हणून वीस वर्षं बुलेट चालवलेला माणूस इथे नवशिक्याहून जास्त धोक्याचा. गाड्या बनवणाऱ्या कंपन्याच सांगतात की सोळा वर्षांखालच्या मुलांच्या हाती ती देऊ नये. आपल्या सहलीत तर कुणीच स्वतः चालवू नये असं माझं म्हणणं आहे. कोकणात आणि गोव्यात बहुतेक ठिकाणी त्यांचा माणूस बरोबर बसतोच. त्याला "दादा, जरा मला चालवू द्या ना" म्हणून शंभराची नोट दाखवायची नाही. फेरी पाच-सात मिनिटांची असते, तेवढ्यात कुणी शिकत नाही.

दुसरी गोष्ट दोरीची. चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला एक दोरी असते, तिचं दुसरं टोक इंजिनच्या बटणाला. माणूस पडला की दोरी निसटते आणि इंजिन बंद पडतं. दोरी नसेल तर माणूस पाण्यात आणि गाडी मोकाट. मी एका किनाऱ्यावर ही दोरी हँडललाच गुंडाळून ठेवलेली पाहिली आहे. विचारलं तर उत्तर मिळालं, "काका, अडचण होते." तिथून आम्ही उठलो आणि पुढच्या माणसाकडे गेलो.

लाईफ जॅकेटचे सगळे बक्कल लावून, खांद्याजवळ धरून वर ओढून बघायचं. कानापर्यंत वर आलं तर ते तुमच्या मापाचं नाही. मुलांना मोठ्यांचं जॅकेट घालून पाठवू नका.

कॉम्बो पॅकेजबद्दल सांगतो. जेट स्की, बनाना, बंपर, सगळं एका पैशात म्हणतात. बनाना राईडमध्ये शेवटी मुद्दाम पाण्यात पाडतात, ही त्यातली गंमतच आहे. पण घरच्या आजींना ती गंमत आधी सांगावी लागते. ज्यांना मणक्याचा, गुडघ्याचा, हृदयाचा त्रास आहे, किंवा घरात कुणी गरोदर आहे, त्यांनी किनाऱ्यावर बसून शहाळं प्यावं. लाटेवर आपटताना गाडीचा दणका थेट कमरेत येतो. चष्मा, श्रवणयंत्र आणि कवळी कुणाकडे तरी ठेवून जा. समुद्र परत देत नाही.

आता कागदपत्रं, म्हणजे माझं क्षेत्र. पैसे देण्याआधी विचारायचं की मेरीटाईम बोर्डाचा परवाना आहे का? असेल तर दाखवायला कुणी लाजत नाही. आणि पावसाळ्यात, मे अखेरीपासून ऑगस्टपर्यंत, हे खेळ बंद असतात. त्या दिवसांत कुणी "गुपचूप नेतो" म्हणाला तर तिथेच नमस्कार करायचा. आपण दिवाळीनंतर जातोय, त्यामुळे ती अडचण नाही. पावती घ्या, साध्या कागदावर का होईना. आणि "काही झाल्यास आम्ही जबाबदार नाही" असा फॉर्म सहीला पुढे येतो, तो आधी वाचा. चाळीस वर्षं लोकांना मी न वाचता सह्या करताना पाहिलंय.

विम्याचंही बघा. बऱ्याच अपघात पॉलिसींमध्ये साहसी खेळ वगळलेले असतात, आपली पॉलिसी काढून आजच बघा. बँकेतली प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना वर्षाला २० रुपयांत २ लाखांचं संरक्षण देते, वय १८ ते ७०. म्हणजे आमच्या कट्ट्याला ती बंद! तरुणांनी मात्र खात्यातून पैसे वळते होतात की नाही ते तपासावं.

आपल्यातली काही मुलं परदेशीही जातात, म्हणून थोडं थायलंडचं. तिथे पटाया-फुकेतला जेट स्की स्वतः चालवायला देतात. परत आल्यावर गाडीवरचा जुनाच ओरखडा दाखवून मोठी रक्कम मागायची, हा तिथला नामांकित प्रकार आहे. म्हणून निघण्याआधी त्यांच्यादेखत गाडीचा चारही बाजूंनी, तळाकडूनसुद्धा, मोबाईलवर व्हिडिओ घ्यायचा. आम्ही तारण घेताना पंचनामा करायचो, तोच हा. आणि पासपोर्ट तारण म्हणून कधीही द्यायचा नाही. तो भारत सरकारची मालमत्ता आहे, तुमचीसुद्धा नाही. झेरॉक्स द्या, फार तर रोख डिपॉझिट द्या. तंटा झालाच तर तिथल्या पर्यटक पोलिसांचा नंबर ११५५. आपल्याकडे समुद्रात कुणी अडचणीत असेल तर तटरक्षक दलाचा १५५४, नाहीतर ११२. हे दोन्ही आत्ताच मोबाईलमध्ये घालून ठेवा.

सहलीच्या नावनोंदणीचा फॉर्म सचिवांकडे आहे. त्यात पोहता येतं का, रक्तगट, चालू औषधं आणि घरी कुणाला फोन करायचा, हे चार रकाने मी वाढवायला लावलेत. पोहता येत नसेल तर तसं लिहायला लाजू नका. वीसजण पाण्यात जाणार असतील तर दोघांनी किनाऱ्यावर यादी घेऊन बसायचं, प्रत्येक फेरीला जाताना आणि येताना डोकी मोजायची. पहिल्या दिवशी मी बसेन, दुसऱ्या दिवशी कोण ते ठरवा.

बाकी शंका असतील तर विचारा.

(एका भगिनीने विचारले, साडीवर बसलं तर चालेल का?) नाही चालणार, वहिनी. पदर, ओढणी, मोकळे केस, लोंबणारी दोरी, यातलं काहीही मागे पाण्यात गेलं तर गाडी ज्या तोंडाने पाणी ओढते त्यात ओढलं जाऊ शकतं. आणि मागे बसलेलं माणूस उलटं पडलं तर त्या नळीचा फवारा अंगावर येतो, त्याने आतल्या गंभीर जखमा होतात. म्हणून पातळ कपडे नकोत, जाड आणि अंगाबरोबर बसणारी पँट हवी. सूनबाईंची ट्रॅकपँट मागा. त्या नाही म्हणणार नाहीत, समोरच बसल्यात.