मिठावर तेल: रायफलच्या सफाईविषयी थोडे

(शारदीय व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



खंडेनवमी तोंडावर आली आहे. घरोघरी कोयते, विळे, मशिनं पुसली जातील. ज्यांच्याकडे परवान्याची बंदूक आहे, तेही ती कपाटातून काढतील. ओल्या फडक्यानं पुसतील, हळदकुंकू वाहतील, झेंडूची माळ घालतील आणि संध्याकाळी पुन्हा गवसणीत घालून ठेवतील. दिवाळीपर्यंत नळीवर तांबूस ठिपके. मग दोष हवेला, नाहीतर लोखंडाला!

मी हसतोय, पण ही चूक मीही केली आहे. एन.सी.सी.त असताना आम्हाला पॉइंट थ्री नॉट थ्री रायफल चालवायला मिळाली. फायरिंग झालं, रायफली आमच्या ताब्यात आल्या, आणि मी मोठ्या उत्साहानं नळीत तेल सोडलं. चांगलं सढळ हातानं. आठ दिवसांनी आमच्या प्रशिक्षकांनी, म्हणजे उस्तादांनी, बोल्ट काढला, नळी उजेडाकडे धरली आणि काही न बोलता माझ्या हातात दिली. आत तपकिरी फुली पडलेली. मी म्हटलं, "तेल दिलं होतं, उस्ताद." ते म्हणाले, "मिठावर तेल ओतलंस. मीठ तेलात विरघळतं का रे?"

माझं आजचं सगळं व्याख्यान या एका प्रश्नात आहे. बाजारात बाटल्या पुष्कळ. कोणती चांगली, असं लोक मला विचारतात. मी उलट विचारतो, तुमच्या नळीत मळ कोणता आहे?

उस्तादांचं मीठ कुठून आलं? जुन्या लष्करी काडतुसाच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. ते पेटलं की पोटॅशियम क्लोराइड उरतं. आपल्या स्वयंपाकघरातल्या मिठाचं ते सख्खं भावंड. श्रावणात मिठाची बरणी जशी पाझरते, तसं नळीतलं हे मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि पोलाद गंजतं. त्याला औषध पाणी. ब्रिटिश शिपाई नरसाळं लावून नळीतून उकळतं पाणी सोडत. पाण्यानं मीठ जाई आणि तापलेली नळी आपोआप वाळे. मग कोरडी चिंदी, आणि तेल सगळ्यांत शेवटी. आजच्या बहुतेक काडतुसांत क्लोरेट नसतं. जुन्या साठ्यातली काडतुसं हाती आली, तर मात्र पाण्याची आठवण ठेवा.

त्याआधीचा मळ काळ्या दारूचा. कोकणात शेतीसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुका आहेत, त्यांच्या मालकांनी इकडे लक्ष द्यावं. काळ्या दारूत साधारण 75 भाग सोरा, 15 कोळसा, 10 गंधक. जळल्यावर तिचा निम्म्याहून अधिक भाग घन राख होऊन उरतो. 1853 च्या एनफिल्ड रायफलीत गोळी तोंडातून गजानं ठासावी लागे. दोनचार बार झाले की राखेनं नळी अरुंद होई. म्हणून काडतुसाच्या कागदाला चरबी लावत, गोळी सरकावी यासाठी. त्या चरबीवरून 1857 साली काय पेटलं ते आपण शाळेत शिकलो. ती तिथे होती कशासाठी, ते मात्र शिकायचं राहिलं. या राखेलाही औषध तेच, गरम पाणी आणि थोडा साबण.

बिनधुराची दारू आली आणि पाणी अपुरं पडू लागलं. तिची काजळी चिकट. 1903 साली अमेरिकेत फ्रँक हॉपी यांनी 'नंबर नाइन' नावाचं द्रावण बाजारात आणलं. त्याच्या जुन्या मिश्रणात रॉकेल होतं, थोडा अमोनिया होता आणि अ‍ॅमिल अ‍ॅसिटेट होतं. पिकल्या केळ्यासारखा वास येतो तो याच अ‍ॅसिटेटचा. काजळीला असं रॉकेलच्या जातीचं द्रावण लागतं.

गोळीवरचं तांब्याचं कवच नळीच्या आतल्या पिळदार आट्यांत घासून बसतं, तो मळ आणखी वेगळा. त्याला अमोनिया लागतो. तांबं विरघळलं की चिंदी निळी होते. इथे एक गंमत आहे. गजाचं चिंदी धरणारं टोक पितळी असेल, तर अमोनिया त्या पितळालाही खातो. नळी कधीच स्वच्छ झालेली असते, चिंदी निळीच निघत राहते आणि माणूस घासतच बसतो. म्हणून तिथे प्लॅस्टिकचं टोक आणि नायलॉनचा ब्रश. बाटलीवर लिहिलेल्या वेळेपेक्षा द्रावण नळीत ठेवू नका, रात्रभर तर नाहीच. खिडकी उघडी, हातात मोजे, जवळपास निरांजनसुद्धा नको.

आता हत्यारं. गज अखंड हवा. जोडगज वाकतो आणि त्याचे सांधे आट्यांवर घासतात. अ‍ॅल्युमिनियम मऊ, त्यात कचकच रुतून बसते आणि गजाची कानस होते. प्लॅस्टिकचं आवरण असलेला पोलादी गज किंवा कार्बन फायबरचा गज उत्तम. दर वेळी पुसून घ्यायचा. ब्रश ब्राँझचा किंवा नायलॉनचा, पोलादी कधीच नको. आणि जिथे जमेल तिथे गज मागून, बोल्टच्या बाजूनं घाला. गोळी नळीची साथ सोडते ती तोंडाशी. तिथली कड एका बाजूनं झिजली की नेम गेला. गोळ्यांपेक्षा आडमुठ्या सफाईनं बिघडलेल्या नळ्याच मी जास्त पाहिल्या आहेत.

म्हणून सफाई किती करायची, हेही मळच ठरवतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी 2024 साली पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवलं. त्या प्रकारात पॉइंट टू टू रायफल असते. तिची गोळी शिशाची, मेणचट वंगण लावलेली. तांब्याचा प्रश्नच नाही, अमोनियाचं काम नाही. मुलांच्या स्प्रिंगच्या एअर रायफलीत तर द्रावण घालूच नका. आत गेलेलं तेल दाबाखाली पेटतं आणि सील खराब होतात. तिथे फेल्टच्या कोरड्या गोळ्या पुरतात.

याच्या उलट टोकाचं उदाहरण व्हिएतनाम युद्धातलं. अमेरिकी सैन्याच्या एम-16 रायफलीला सफाई लागतच नाही असा समज पसरला, सैनिकांना सफाईचं साहित्य पुरेसं मिळालं नाही, त्यातच काडतुसातली दारू बदलली. ऐन लढाईत रायफली अडकल्या. 1967 मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीनं त्याची चौकशी केली. पुढे चेंबरला क्रोमचा मुलामा आला आणि सफाई शिकवायला चित्रकथाकार विल आइस्नर यांच्याकडून चित्रपुस्तिका काढून घ्यावी लागली.

शेवटी घरचा विषय. पेट्रोलनं बंदूक धुऊ नका. आगीची भीती आहेच, शिवाय धातू अगदी कोरडा पडतो आणि पहिल्या पावसात गंजतो. खोबरेल नको, ते थंडीत थिजतं आणि पुढे चिकट होतं. बंदुकीचं पातळ तेल घ्या, एक थेंब चिंदीवर. आणि यंदा खंडेनवमीला आधी बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करा. फुलं पाटावर वाहा, कुंकू लाकडी दस्त्याला लावा. पूजा आटोपली की नळी कोरड्या चिंदीनं पुसा आणि मगच तेलाचं बोट फिरवा.