विमा आहे, पण ठाऊक नाही

घरोघरच्या पाहणीत आरोग्य विम्याची मोजणी एका तोंडी उत्तरावर उभी असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात विचारले जाते, की घरातल्या कोणाला एखाद्या आरोग्य योजनेचे किंवा विम्याचे संरक्षण आहे का? २०१९ ते २०२१ च्या पाचव्या फेरीत देशातल्या ४१ टक्के कुटुंबांचे उत्तर ‘आहे’ असे नोंदले गेले. महाराष्ट्रात हे प्रमाण पंचवीस टक्क्यांच्याही आत राहिले. त्याच वेळी पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकांवरची दोन कोटींहून अधिक कुटुंबे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेला पात्र होती.

ही तफावत खोटे बोलण्यातून येत नाही. या योजनेत हप्ता भरावा लागत नाही, अर्जही करावा लागत नाही. घरातले रेशनकार्ड हाच विमा. पैसे भरलेले माणूस विसरत नाही, न मागता मिळालेले हक्क मात्र ठाऊकच नसतात. रुग्णालयात योजनेच्या मदतनिसाने, म्हणजे आरोग्यमित्राने, कार्ड मागितले की घरच्यांना प्रथम कळते.

त्यात नावांचा घोळ. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी योजना २०१७ मध्ये महात्मा फुल्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. पुढे केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडली गेली. लोकांच्या तोंडी ‘जीवनदायी’च राहिले. प्रश्नावलीतले नाव ओळखीचे नसेल, तर उत्तर ‘नाही’. अमेरिकेत यावर उपाय म्हणून मेडिकेड या गरिबांसाठीच्या सरकारी विम्याचे त्या-त्या राज्यातले नाव घेऊन विचारतात: कॅलिफोर्नियात मेडि-कॅल, विस्कॉन्सिनमध्ये बॅजरकेअर. तिथे उत्तरे सरकारी नोंदींशी ताडूनही पाहिली गेली. नोंदीत नाव असलेल्या अनेकांनी मेडिकेड नसल्याचे सांगितले होते.

चूक उलट दिशेनेही होते. केंद्राच्या जुन्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेचे स्मार्ट कार्ड मुदत संपली तरी ट्रंकेत जपलेले असे, आणि कार्ड आहे म्हणजे विमा आहे, ही समजूत स्वाभाविकच. शिवाय एका कमावत्याला कामगार विमा असला, तरी वरच्या प्रश्नाने सारे घर विमाधारकांत जमा होते. गावाकडचे आईवडील त्या विम्यात असोत वा नसोत.

म्हणून असा आकडा वाचताना प्रश्न कुटुंबाला विचारला की व्यक्तीला, आणि योजनेचे नाव कोणते घेतले, हे आधी पाहावे. त्या फेरीत महाराष्ट्रातल्या घरात शिधापत्रिकेचा रंगही विचारला असता तर बरे झाले असते. तो बहुतेकांना पाठ असतो.