काय उरले?



पाऊस बरा पडला की रान हिरवेगार होते. बघणाऱ्याचे डोळे निवतात. पण चार-सहा महिन्यांनी त्याच रानात काय असते? धसकटे आणि पाचोळा. वारा सुटला की पाचोळाही उडून जातो. हे तुम्हांला आम्ही काय सांगावे? कुराण शरीफात अठरावा अध्याय आहे, त्याला सूरे कहफ म्हणतात. त्यात माणसाच्या या जगातल्या जिण्याला हाच दाखला दिला आहे. पैसा आणि मुलेबाळे ही जिण्याची शोभा आहे, हे तेथे कबूल केले आहे. पण टिकाऊ म्हटली आहेत ती चांगली कामे.

टिकतात म्हणजे कुठे टिकतात? असे कोणी विचारील. सवाल बरोबर आहे. मरणाने सगळे संपत नाही, असे इस्लाम धर्म मानतो. मरणानंतर आखिरत आहे, आणि तेथे ज्याच्या त्याच्या कामाचा हिशेब होतो. पैगंबरसाहेब सांगत, की मेलेल्या माणसाबरोबर तिघे निघतात. घरची माणसे, त्याची मालमत्ता आणि त्याची कामे. कबरीपासून दोघे माघारी फिरतात. त्याच्याजवळ राहतात ती एकटी कामे.

हा हिशेब आपल्या रोजच्या हिशेबापेक्षा वेगळा आहे. किती वेगळा, ते एका गोष्टीवरून कळेल. पैगंबरसाहेबांच्या घरी एकदा बकरी कापली. तिचे मांस लोकांना वाटले. थोड्या वेळाने त्यांनी बीबी आयशा यांना विचारले, की काय उरले? बीबींनी सांगितले, की खांद्याचा तुकडा तेवढा उरला. पैगंबरसाहेब म्हणाले, की तसे नाही. खांदा सोडून बाकी सगळे उरले!

बघा, बरं का. घरात ठेवलेला तुकडा घरच्यांनी खाल्ला की संपला. जे दुसऱ्याच्या ताटात गेले, ते खात्यावर जमा झाले.

मग काय, खाऊ नये? नवे कपडे घालू नयेत? संसार सोडून रानात जाऊन बसावे? छे! असे इस्लाम सांगत नाही. अबू दर्दा नावाचे पैगंबरसाहेबांचे एक सोबती होते. ते दिवसा रोजा धरीत आणि रात्रभर नमाज पढत. घरात बायको आहे, इकडे त्यांचे लक्षच नव्हते. त्यांचे मित्र सलमान एकदा त्यांच्या घरी आले. बघतात तो घरधनीण साध्या, जुन्या कपड्यांत. सलमान समजायचे ते समजले. जेवण आले. सलमान म्हणाले, तुम्ही खाल तरच मी खाईन. अबू दर्दांना रोजा सोडावा लागला. रात्री ते नमाजाला उठू लागले, तर सलमान म्हणाले, निजा. पुन्हा उठू लागले, पुन्हा म्हणाले, निजा. रात्र सरत आली तेव्हा दोघे उठले आणि दोघांनी मिळून नमाज पढली. देवाचा तुमच्यावर हक्क आहे, तसा तुमच्या देहाचा आहे, बायकोचाही आहे; ज्याचा हक्क त्याला द्या, असे सलमान यांचे म्हणणे. ही हकीकत पैगंबरसाहेबांच्या कानावर गेली. त्यांनी सलमान यांचे म्हणणे खरे ठरवले.

तेव्हा सुखाला मनाई नाही. मनाई आहे ती उधळपट्टीला. उधळ्या माणसाला कुराणाने सैतानाचा भाऊ ठरवले आहे. आणि हात अगदी आखडूही नका, असेही तेथेच सांगितले आहे. आम्हांला वाटते, ही गोष्ट हिंदू काय, मुसलमान काय, आपल्या सगळ्यांच्याच कामाची आहे. लग्नाचा मांडव दोन दिवसांचा, आणि कर्ज पाच-पाच वर्षे फिटत नाही. पंगतीत चार गोड पदार्थ वाढले म्हणून लोक वाहवा करतात. आठ दिवसांनी त्या पदार्थांची नावेही कोणाच्या लक्षात नसतात. सावकार मात्र विसरत नाही.

आता पैसा लावून टिकाऊ काम कसे होते, ते पाहू. सन 622 मध्ये पैगंबरसाहेब आणि त्यांचे सोबती मक्का सोडून मदिनेला आले. तेथे गोड्या पाण्याची टंचाई होती. रूमा नावाची एक गोड्या पाण्याची विहीर होती, पण तिचा मालक पाणी विकत देई. गरिबाने काय करावे? ही विहीर घेऊन जो सर्वांना मोकळी करील, त्याला स्वर्गात त्याचे फळ मिळेल, असे पैगंबरसाहेबांनी सांगितले. हजरत उस्मान हे मोठे व्यापारी होते. ते पुढे आले. त्यांनी आधी विहिरीचा अर्धा वाटा घेतला, असे सांगतात. पाळी ठरली. एक दिवस मालकाचा, एक दिवस उस्मान यांचा. पाळी म्हणजे काय, हे ज्यांची विहीर भावकीत आहे त्यांना ठाऊक आहे! उस्मान यांच्या दिवशी पाणी फुकट. लोक त्या दिवशीच दोन दिवसांचे पाणी भरून नेऊ लागले. मालकाच्या दिवशी विहिरीवर कोणी फिरकेना. शेवटी त्याने उरलेला वाटाही विकून टाकला.

हजरत उस्मान सन 656 मध्ये वारले. त्यांच्या व्यापारातला माल केव्हाच संपला. ती विहीर मदिनेत आजही आहे. तिला त्यांच्याच नावाने ओळखतात. अशा दानाला सदका-ए-जारिया म्हणतात. जारिया म्हणजे वाहते राहणारे. माणूस गेला तरी त्याचे पुण्य त्याच्या खात्यावर पडत राहते. लोकांच्या उपयोगी पडणारी विद्या मागे ठेवली, तर तिचेही तसेच.

आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला, कधी गेलात तर पाणचक्की पाहून या. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यापाशी ती आहे. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी लांबून मातीच्या नळांतून आणले आणि त्याच्या जोरावर जाते फिरवले. त्या पिठाच्या भाकरी फकिरांच्या आणि वाटसरूंच्या पोटात जात.

पण दान देताना मन कसे आहे, हेही बघतात. देवासाठी दिलेल्या दानाला कुराणात एका दाण्याचा दाखला दिला आहे. त्या दाण्याला सात कणसे येतात आणि प्रत्येक कणसात शंभर दाणे. एकाचे सातशे झाले! आणि लोकांनी बघावे म्हणून दिले तर? तर खडकावर मातीचा पातळ थर असावा, वर जोराचा पाऊस यावा आणि माती वाहून जाऊन उघडा खडक राहावा, तसे होते. दिलेले बोलून दाखवले, घेणाऱ्याला टोचून बोलले, तरी तेच.

शेतकऱ्याने किती द्यावे, त्याचेही माप आहे. नुसत्या पावसावर पीक आले तर दहावा हिस्सा. मेहनतीने पाणी ओढून पिकवले तर विसावा. कष्टाची अशी कदर केलेली पाहून आम्हांला बरे वाटले.

आणि ज्याच्याजवळ देण्यासारखे काहीच नाही, त्याने? वाटेतला काटा-दगड बाजूला केला, तरी ते दान होते. दुसऱ्याशी हसून बोलले, तरी ते दान. कोणी झाड लावले आणि त्याचे फळ माणसाने, गुराने किंवा पाखराने खाल्ले, तर तेही लावणाऱ्याचे दान धरले जाते. पाखराने कोणाचे झाड आहे हे विचारलेले नसते, आणि लावणाऱ्यालाही त्या पाखराची खबर नसते.