पहिल्या भेटीची छाप

रविवारची रात्र आहे. उद्यां सकाळीं घरांतील थोरल्या मुलाला एका कचेरींत मुलाखतीसाठीं जावयाचें आहे. आई सदऱ्यावरून दुसऱ्यांदा इस्त्री फिरवीत आहे, वडील चष्मा कपाळावर सारून बुटांना पॉलिश नीट लागलें कीं नाहीं तें पहात आहेत, धाकटी बहीण भावाला आरशापुढें उभा करून "दादा, जरा हंसून बोल" अशी ताकीद देत आहे, आणि ज्याच्यासाठीं हा सारा खटाटोप चालला आहे तो तरुण चिडून म्हणतो आहे, "नोकरी मला द्यावयाची आहे कीं माझ्या सदऱ्याला?" शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत हा प्रसंग नित्याचा झाला आहे. त्या तरुणाचा प्रश्न उर्मट वाटला तरी अगदींच पोकळ नाहीं. चार वर्षें खपून मिळविलेली विद्या आणि पांच मिनिटांत पडणारी छाप यांचें नातें काय, याचा विचार करण्याजोगा आहे.

माणसाविषयींचें मत किती लवकर बनतें याचा शोध मानसशास्त्रज्ञांनीं घेतला आहे. अमेरिकेंतील प्रिन्स्टन विद्यापीठांतील विलिस आणि टोडोरोव्ह या दोघा संशोधकांनीं २००६ सालीं आपले प्रयोग प्रसिद्ध केले. अनोळखी माणसांचे चेहरे त्यांनीं पाहणाऱ्यांना सेकंदाचा केवळ दहावा भाग दाखविले आणि विचारलें, हा मनुष्य विश्वासू वाटतो काय? कर्तबगार वाटतो काय? डोळ्याचें पातें लवण्याइतक्या अवधींत बनलेलीं हीं मतें, सावकाश न्याहाळून बनविलेल्या मतांशीं बव्हंशीं जुळलीं. अधिक वेळ दिल्यानें मत फारसें पालटलें नाहीं. स्वतःच्या मताविषयींचा विश्वास मात्र वाढला. पहिलें मत खरें असतें असा याचा अर्थ मुळींच नव्हे. तें चिकट असतें, एवढाच अर्थ.

तें चिकट कसें असतें, हें त्याच्या साठ वर्षें आधीं, १९४६ सालीं, सॉलोमन अ‍ॅश या शास्त्रज्ञानें मोठ्या युक्तीनें दाखविलें होतें. एका गटाला त्यानें एका कल्पित माणसाचें वर्णन ऐकविलें : बुद्धिमान, उद्योगी, उतावळा, दोषदर्शी, हट्टी, मत्सरी. दुसऱ्या गटाला हेच सहा शब्द उलट्या क्रमानें ऐकविले. शब्द तेच, मनुष्यही तोच. परंतु पहिल्या गटाला तो थोडे दोष असलेला पण कर्तृत्ववान गृहस्थ वाटला, तर दुसऱ्या गटाला, ज्याचे गुण दोषांखालीं दडपून गेले आहेत असा अडचणीचा मनुष्य वाटला. जें प्रथम कानीं पडलें त्याच्या रंगांत पुढचें सारें बुडून निघालें. आरशापुढें चिडलेल्या आपल्या तरुणानें हें ध्यानांत घ्यावें. त्याची विद्या हा यादींतील शेवटचा शब्द असेल. पहिला शब्द तो खोलींत कसा आला हा असणार आहे.

या बाबतींतील आपला अनुभव ज्यानें निःसंकोचपणें लिहून ठेविला आहे असा एक तरुण १८८८ सालच्या सप्टेंबरअखेर इंग्लंडच्या साउदॅम्प्टन बंदरांत उतरला. वय अवघें अठरा. अंगावर पांढऱ्या फ्लॅनेलचे कपडे. बोटींतून उतरतांना पांढरा पोशाख शोभून दिसेल असें वाटून त्यानें ते मुद्दाम राखून ठेविले होते. पाहतो तों पांढऱ्या कपड्यांत तो एकटाच! सामान गुमास्त्याच्या स्वाधीन झालेलें आणि दुसरा दिवस रविवारचा, तेव्हां ती शरम सोसण्यावांचून गत्यंतर नव्हतें. हा तरुण म्हणजे मोहनदास गांधी.

लंडनच्या हॉटेलांत डॉ. प्राणजीवन मेहता त्यांस भेटावयास आले. बोलतां बोलतां गांधींनीं मेहतांची उंच रेशमी टोपी उचलली आणि तिचा मऊपणा पहावा म्हणून तिच्यावरून उलटा हात फिरविला. टोपीची लव विसकटली. मेहतांनीं रागाच्या दृष्टीनें त्यांस थांबविलें, आणि मग युरोपीय शिष्टाचाराचा पहिला धडा दिला. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावूं नये. पहिल्याच ओळखींत आपल्याकडे जे घरगुती प्रश्न सहज विचारतात ते येथें विचारूं नयेत. मोठ्यानें बोलूं नये. आणि ज्याला त्याला 'सर' म्हणूं नये. तसें येथें नोकर धन्याला म्हणतात. चौथी सूचना देशकालाप्रमाणें बदलणारी आहे. आपल्या कचेऱ्यांतून 'सर' आणि 'मॅडम' हींच संबोधनें रूढ आहेत आणि तीं वापरण्यांत कोणताही कमीपणा नाहीं. परंतु पहिल्या तिन्हींचें मर्म पहावें. पोशाखाचा, रुबाबाचा, ऐटीचा त्यांत उल्लेखही नाहीं. समोरच्या माणसाची वस्तु, त्याचें खाजगीपण आणि त्याचे कान यांना आपल्यापासून उपद्रव पोहोंचूं नये, एवढेंच त्यांत सांगितलें आहे.

तरुण गांधींना हें मर्म तत्काळ उमगलें असें नव्हे. त्यांनीं एकोणीस शिलिंगांची उंच टोपी घेतली; बाँड स्ट्रीटवर दहा पौंड खर्चून संध्याकाळचा पोशाख शिवविला; घड्याळाला सोन्याची दुपदरी साखळी भावाकडून मागविली. टाय बांधणें आणि भांग पाडणें यांत रोज दहा मिनिटें आरशापुढें जाऊं लागलीं. तीन पौंड भरून नृत्याचा वर्ग धरला. पाय तालावर पडेना, तेव्हां कान तयार व्हावा म्हणून आणखी तीन पौंडांचें व्हायोलिन आलें! सुमारें तीन महिन्यांनीं डोळे उघडले. आपल्याला कांहीं जन्मभर इंग्लंडांत रहावयाचें नाहीं, मग हें सोंग कशासाठीं, असा विचार करून त्यांनीं नृत्य आणि व्हायोलिन यांस रजा दिली. कपड्यांचा नीटनेटकेपणा मात्र पुढें कित्येक वर्षें टिकला. सोंग गेलें, शिस्त राहिली. पुष्कळ तरुण नेमकें उलट करतात. शिस्त सोडतात आणि सोंग धरून ठेवतात.

पुढें १८९३ सालीं डर्बनच्या न्यायालयांत न्यायाधिकाऱ्यानें त्यांस पगडी उतरविण्यास सांगितलें. गांधींनीं नकार दिला आणि ते न्यायालयांतून बाहेर पडले. पण दुसऱ्याच वर्षीं नाताळच्या सर्वोच्च न्यायालयांत वकील म्हणून शपथ घेतल्यावर मुख्य न्यायाधीशांनीं तेंच सांगितलें, तेव्हां त्यांनीं पगडी उतरविली! मित्रमंडळींस हें रुचलें नाहीं. गांधींचें म्हणणें असें कीं, ज्या न्यायालयांत व्यवसाय करावयाचा त्याचा रिवाज पाळणें योग्य, आणि आपलें बळ याहून मोठ्या लढ्यांसाठीं राखून ठेवावें. रिवाजाचा कोणता धागा तोडावयाचा आणि कोणता सांभाळावयाचा, याचा विवेक या दोन प्रसंगांच्या मधल्या अंतरांत दिसतो. १९२१ सालीं मदुरेस त्यांनीं सदरा आणि टोपी टाकून पंचा नेसला, आणि १९३१ सालीं लंडनच्या राजवाड्यांत सम्राटासमोर ते त्याच वेषानें गेले. चुरगळलेला सदरा घालून कचेरींत जाणारे कित्येक तरुण या प्रसंगाचा दाखला देतात. त्या पंच्यापर्यंत पोहोंचावयास तेहतीस वर्षें लागलीं होतीं, आणि तो पंचा स्वच्छ होता, हें ते विसरतात.

महाराष्ट्रालाही असा एक दाखला ठाऊक आहे. ज्या १८८८ सालीं गांधी विलायतेस गेले त्याच वर्षीं पुण्यांत ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ झालेल्या समारंभास महात्मा जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेषानें गेले, आणि खरा हिंदुस्थान येथील उंची वस्त्रांत नसून खेड्यांत आहे, अशा आशयाचें भाषण त्यांनीं केलें. तेथें वेष हेंच म्हणणें होतें. ज्याला वेषानें कांहीं म्हणावयाचें आहे त्यानें तो खुशाल निराळा करावा; ज्याला कांहींच म्हणावयाचें नाहीं त्याच्या वेषानें बोलूं नये, हेंच बरें.

यावरून मुलाखतीच्या कपड्यांविषयीं फार बोलावयास नको हें दिसेल. कपडे स्वच्छ असावेत, अंगाचे असावेत आणि एकदां तरी आधीं वापरलेले असावेत. मित्राचा उसना कोट खांद्यावर बसत नाहीं. मग हात सारखा बाह्या ओढण्यांत गुंततो आणि लक्ष प्रश्नावरून उडतें. मुंबईंत जून-जुलैच्या पावसांत लोकलनें जाणाऱ्यानें कोरडे मोजे आणि टॉवेल पिशवींत ठेवावेत, आणि वेळेआधीं अर्धा तास पोहोंचून तोंड धुऊन घ्यावें. वक्तशीरपणाचा खरा लाभ परीक्षकांवर छाप पडण्यांत नाहीं, आपला श्वास ठिकाणावर येण्यांत आहे.

खरें पहातां मुलाखतीचा आरंभ त्याही आधीं, अर्जानें होतो. जुन्या पत्रांत 'कृतानेक साष्टांग नमस्कार विनंति विशेष' या मायन्यापासून शेवटच्या 'लोभ असावा' पर्यंत प्रत्येक नात्याची पायरी ठरलेली असे. आज तें सारें गेलें, आणि त्याबरोबर कोणाला काय लिहावें याची जाणही पुष्कळ अंशीं गेली. समर्थ रामदासांनीं 'दासबोधां'त लेखनक्रियेवर एक स्वतंत्र समास लिहिला आहे. ग्रंथाच्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सारें एकाच टाकानें लिहिल्यासारखें दिसावें, असा त्यांत आग्रह आहे. अर्ज आतां संगणकावर टंकलिखित होतो, तरी हा आग्रह जुना झालेला नाहीं. पहिल्या पानावर काळजीनें लिहावयाचें आणि तिसऱ्या पानावर मागील कचेरीचें नांव तसेंच राहूं द्यावयाचें, असे अर्ज थोडे नसतात. ज्या कचेरीकडे अर्ज करावयाचा तिचें नांव चुकणें हा अक्षम्य प्रमाद आहे. नांव चुकलें म्हणजे, तुमच्याविषयीं विचार करावयास मला सवड झाली नाहीं, असेंच आपण लिहून देतों.

कचेरीच्या दारांत जो शिपाई बसलेला असतो त्याच्याशीं उमेदवार कसा बोलतो, यावरून त्याची परीक्षा करणारे वरिष्ठ पूर्वींही असत, आजही आहेत. "अहो, जरा ऐकतां का?" आणि "ए, साहेब आहेत का?" या दोन वाक्यांत जें अंतर आहे तें कोणत्याही पदवीनें भरून निघत नाहीं. मात्र कोणी पहात असेल म्हणून शिपायाशीं गोड बोलणारा मनुष्यही लवकरच ओळखूं येतो. आंत गेल्यावर सांगितल्याशिवाय बसूं नये, टेबलावर कोपरें टेकूं नयेत, मोबाईल बंद असावा. या गोष्टी घरोघरीं सांगितल्या जातात. जी सांगितली जात नाहीं ती अशी कीं, जें येत नाहीं तें "येत नाहीं" असें स्वच्छ आवाजांत म्हणतां यावें. खाली मान घालून पुटपुटणारा अज्ञानाबरोबर धीरही गमावतो. आणि थापा मारणारा, त्याला जें खरोखर येत असतें त्यावरचाही विश्वास घालवून बसतो.

आतां मुलाखती पुष्कळदां संगणकाच्या पडद्यावरही होतात. तेथें समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहिल्यास त्याला आपले डोळे खालीं वळलेले दिसतात. कॅमेऱ्याकडे पाहिल्यासच दृष्टादृष्ट झाल्यासारखें वाटतें. एवढें ध्यानांत ठेविलें, आणि पाठीमागच्या दोरीवरचे वाळत घातलेले कपडे काढून घेतले, म्हणजे पुरे.

परंतु सारा उपदेश उमेदवारालाच करावयाचा, हा अन्याय होईल. टेबलाच्या पलीकडे बसणाऱ्यांचेंही कांहीं कर्तव्य आहे. १९२० सालीं थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञानें अमेरिकन लष्करांतील अधिकाऱ्यांनीं आपल्या हाताखालच्या माणसांना दिलेले गुण तपासले. ज्याला शरीरयष्टीसाठीं चांगले गुण दिले होते त्यालाच बुद्धि, नेतृत्व आणि चारित्र्य यांसाठींही चांगले गुण दिलेले त्यांस आढळले. एका गुणाचें तेज साऱ्या माणसाभोंवतीं पसरलें होतें. उंच, गोरा, अस्खलित इंग्रजी बोलणारा उमेदवार हुशारच असला पाहिजे, हा आपल्याकडचा समज याच जातीचा आहे. आणि तालुक्याच्या गांवाहून आलेल्या, बोलींत बोलणाऱ्या मुलाचें किती ज्ञान या तेजाअभावीं अंधारांत राहून जात असेल! मुलींची स्थिति याहून बिकट. पोशाख साधा असला तर गबाळी, उंची असला तर नखरेल, आणि वर "लग्न केव्हां करणार?" हा प्रश्न, जो तिच्या भावाला सहसा कोणी विचारीत नाहीं. डॉ. मेहतांनीं हॉटेलांत दिलेल्या धड्यांतील दुसरी सूचना परीक्षकांनींही पाठ करण्याजोगी आहे. सर्व उमेदवारांना तेच प्रश्न त्याच क्रमानें विचारावेत, आणि आपसांत चर्चा करण्यापूर्वीं प्रत्येकानें आपापले गुण कागदावर मांडावेत, ही साधी रीत पाळली तरी न्याय पुष्कळ वाढतो.

यापुढेंही एक पाऊल अमेरिकेंतील मोठ्या वाद्यवृंदांनीं टाकलें. १९७० नंतरच्या दशकांत वादकांची निवड करतांना परीक्षक आणि उमेदवार यांच्यामध्यें पडदा लावण्याची प्रथा तेथें पसरली. वाजविणारा स्त्री आहे कीं पुरुष, त्याचा वर्ण कोणता, वेष कसा, हें कांहींच दिसूं नये. केवळ सूर ऐकूं यावेत. पुढें त्या वृंदांतील स्त्रियांची संख्या वाढत गेली. त्याचें किती श्रेय पडद्याला द्यावें याविषयीं विद्वानांत मतभेद आहेत. पडद्यामागें चालत येणाऱ्या वादकाच्या बुटांचा आवाज जरी कानीं पडला तरी स्त्री कीं पुरुष तें कळे, म्हणून कांहीं ठिकाणीं वाटेवर गालिचा अंथरीत.

आपल्या कचेऱ्यांत असा पडदा नाहीं आणि गालिचाही नाहीं. तेव्हां वडिलांनीं चकचकीत केलेले ते बूट उद्यां सकाळीं वाजणार, आणि टेबलापलीकडच्या माणसांना ते ऐकूंही येणार. आईनें सदरा खुंटीला टांगला आहे. बहिणीनें प्रमाणपत्रांच्या प्रती एका जाड पाकिटांत क्रमानें लावून दिल्या आहेत. तो तरुण आतां अर्जाची प्रत पुन्हां एकदां वाचतो आहे, आणि कचेरीचें नांव तिसऱ्या पानावरही बरोबर आहे ना, तें बोट ठेवून पहातो आहे.