वर अडकलेला सुळा



तेरा वर्षांच्या मुलीचा एका बाजूचा सुळा आलाय, दुसऱ्या बाजूला अजून दुधाचाच दात दिसतोय. घरचे म्हणतात, "येईल की सावकाश!" बहुतेकदा येतोही. पण शंभरात एक-दोघांचा वरचा सुळा हाडातच अडकतो. अक्कलदाढा सोडल्या, तर सर्वांत जास्त अडकणारा दात हाच. मुलांपेक्षा मुलींमध्ये हे अधिक आढळतं.

सुळा तयार होतो नाकाच्या बाजूला, खूप उंचावर. शेजारच्या पटाशीच्या दाताच्या मुळाला धरून तो खाली उतरतो. तो दात बारीक असला किंवा नसलाच, तर सुळा टाळूकडे भरकटू शकतो. दुखत काहीच नाही, हीच पंचाईत. कधी कधी तो आतल्या आत शेजारच्या दाताचं मूळ झिजवतो. काहींना तर पत्ता लागतो थेट विशीत, लग्नाची बोलणी चालू असताना, दुधाचा सुळा हलू लागल्यावर!

सुळा टाळूकडे आहे की ओठाकडे, हे साध्या एक्स-रेवरही ओळखता येतं. यंत्राची नळी थोडी सरकवून दुसरा फोटो काढायचा. नळी गेली त्याच दिशेला सुळा सरकलेला दिसला, तर तो टाळूकडे. उलट दिसला, तर ओठाकडे. गुंतागुंत असेल तरच थ्रीडी स्कॅन. सरसकट सगळ्यांना तो सांगणं मला पटत नाही.

वेळेत कळलं, तर उपाय छोटा असतो. स्वीडनच्या एरिकसन आणि कुरोल यांनी १९८८ साली दाखवून दिलं, की दहा ते तेरा वर्षांच्या मुलांचा दुधाचा सुळा काढल्यावर टाळूकडे वळलेल्या ४६ पैकी ३६ सुळ्यांनी आपली वाट धरली. उशीर झाला, की हिरडी उघडून सुळ्यावर बटण चिकटवायचं, त्याला बारीक साखळी जोडायची आणि तारेच्या आधारानं तो हळूहळू ओढायचा. यात दीड-दोन वर्षं सहज जातात. जत किंवा म्हसवडसारख्या लांबच्या गावांतल्या पालकांसाठी त्यातली प्रत्येक भेट म्हणजे एसटीची फेरीच.

म्हणून मूल नऊ-दहा वर्षांचं झालं, की त्याचा वरचा ओठ उचला आणि दुधाच्या सुळ्याच्या वर हिरडीवरून बोट फिरवा. दोन्ही बाजूंना टणक उंचवटा लागायला हवा. अकराव्या वर्षापर्यंत तो लागला नाही, किंवा एकाच बाजूला लागला, तर दंतवैद्याला दाखवा. कराड आणि सांगली इथल्या दंत महाविद्यालयांच्या रुग्णालयांत दात सरळ करण्याचा स्वतंत्र विभाग आहे. येत्या सुट्टीत मुलाला तिथं घेऊन जा.